धुराचं गाऱ्हाणं

शिमग्यात होमाच्या दिवशी भरदुपारी सहाणेवर, पालखी बसते त्या दगडी चौथऱ्यापाशी, वाघजाईची पालखी कलंडली, आणि कलंडली ती मथुराच्या गौरवच्या खांद्यावरून. असं आजवर कधी झालं नव्हतं, असं गावातली चार म्हातारी माणसं म्हणाली. म्हाताऱ्यांना वाईट गोष्ट पहिल्यांदाच घडतेय असं म्हणायला नेहमीच आवडतं.

गौरवच्या खांद्याला यंदा पहिल्यांदाच पालखीचा दांडा लागला होता. पुढे तो, मागे दुकानदार अनिलचा समर्थ. दोघं एका वर्गातले, नववीचे. ढोल तापले, गुलाल उडाला, पोरं पालखी घेऊन गोल नाचायला लागली. बघता बघता गौरवचं तोंड उघडं पडलं. मथुरा बायकांच्या घोळक्यात आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिला वाटलं, पोरगं नवं आहे, दमलंय. तेवढ्यात त्याचे गुडघे वाकले आणि दांडा घसरला. शेजारच्या माणसांनी धावून पालखी वरच्या वर झेलली. देवीच्या मुखवट्यांची चांदीची रुपं जागची हलली नाहीत, पण हार मातीला लागला. गौरव खाली बसून दोन्ही हातांनी छाती धरून हवा ओढत होता, आणि हवा काही आत जात नव्हती.

गाव आधी पालखीकडे धावलं. पोराकडे धावली ती एकटी मथुरा.

तो जरा सावरला तेव्हा अनिल पुढे आला. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. चुलता अंथरुणाला खिळल्यापासून तो मान अनिलकडे आला होता. शिवाय हायस्कूलसमोर त्याचं दुकान: वह्या, मोबाइलची कव्हरं, रिचार्ज, वेफर्स. शाळेच्या समितीचा अध्यक्षही तोच. अशा माणसाला गावात आवाज चढवावा लागत नाही.

"वयनी," तो सगळ्यांच्या देखत म्हणाला, "घरात काय पाळलात नाय काय?"

बायकांच्या माना खाली गेल्या. मथुराची पाळी जाऊन वर्ष झालं होतं. पण हे भर सहाणेवर, शंभर पुरुषांसमोर, तिने कोणत्या तोंडाने सांगायचं? तिचा नवरा भागोजी शिमग्याची रजा काढून कालच मुंबईहून आला होता. तो नारळ हातात घेऊन नुसता उभा राहिला.

"देवीचा हार मातीला लागला," अनिल म्हणाला. "घरच्या बाईनं नाक घासून माफी मागायला होवी. रीत हाय."

मथुराने नाक घासलं. सहाणेचा चिरा खडबडीत, उन्हाने तापलेला. उठली तेव्हा नाकाच्या शेंड्याचं साल गेलं होतं आणि रक्ताचा एक थेंब ओठावर आला होता. तो तिने जिभेने पुसला. त्या खारट चवीबरोबर तिच्या मनात जे शिरलं, ते पुढे कित्येक दिवस तिथून हललं नाही.

दुसऱ्या दिवशी ती गौरवला घेऊन सावर्ड्याला डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने नळी लावून छाती ऐकली, पाठ ऐकली, मग पोराच्या डोळ्यांत बघून विचारलं, "काय ओढतोस?" गौरवने मान खाली घातली. डॉक्टर मथुराला म्हणाला, "सिगारेट नाही, बाई. हल्ली ते पेनसारखं मिळतं ना, बॅटरीवर चालणारं, ते. वेप. सिगारेटसारखा वास येत नाही म्हणून घरात कळत नाही. आताच सोडलं तर छाती सुधारेल. नाही सोडलं तर माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

एस.टी.च्या थांब्यावर, माणसांच्या घोळक्यापासून बाजूला नेऊन, मथुराने गौरवचा खिसा उलटा केला. आतून ते निघालं. पिवळं, गुळगुळीत, जाड खडूएवढं. वास घेतला तर आंबापोळीसारखा गोड. ही वस्तू तिला नवी नव्हती. अक्षरं रंगवायचं पेन समजून तिने ती कित्येकदा बिछान्यातून उचलून दप्तरात ठेवली होती. मोबाइलशेजारी चार्जिंगला लावलेली बघितली होती. एकदा तर शाळेच्या सहलीची एस.टी. सुटता सुटता धावत जाऊन खिडकीतून हातात दिली होती, तुझा पेन राहिला रे म्हणून. पेन चार्जिंगला कशाला लावतात, एवढंही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"कोणी दिलान?"

गौरवने रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"तुज्यासाठी नाक घासलाय मी. बोल."

"अनिलकाकांच्या दुकानात मिळता," तो म्हणाला. "चार्जरच्या खोक्यात ठेवतात. पयला समर्थनं दिलान, फुकट. तो तर सगळ्यात जास्त ओढतो, आये. दुकानातलाच काढून. त्याच्या बापसाला ठाऊक नाय."

पोराच्या कानाखाली वाजवायला उचललेला हात मथुराने खाली घेतला. समोर हायवेवरून ट्रक जात होते. "ह्या आणखी कोणाला सांगू नको," ती शेवटी म्हणाली. "समर्थचा. अजाबात नको."

खरं सांगायचं तर त्या वेळी तिच्या मनात काही पक्कं नव्हतं. पण हातात सापडलेला दगड कोणी लगेच टाकून देत नाही.

गावात काजूचा मोठा हंगाम होता. ओल्या काजूगरांना शिमग्यात भाव असतो, चाकरमानी डबे भरभरून नेतात. मथुरा रोज सकाळी दुसऱ्याच्या काजूबागेत मजुरीला जायची. झाडाखाली पाटावर बसायचं, हिरवी बी कोयत्यावर धरून मधोमध चिरायची, आतला गर नखाने अलगद काढायचा. बीचा चीक बोटांवर उडतो आणि जिथे उडतो तिथली कातडी आधी काळी पडते, मग सुटते. बायका हाताला राख चोळतात, पण राख चिकाला किती दिवस पुरणार? मथुराच्या नाकावरची खपली घामाने चुरचुरायची.

एका दुपारी ती तशाच हातांनी हायस्कुलात गेली. शाळेच्या भिंतीवर 'तंबाखूमुक्त शाळा' असा मोठा फलक होता आणि त्याखाली, जरा बारीक अक्षरांत, सौजन्य म्हणून अनिलच्या दुकानाचं नाव. नम्रता मॅडम वर्गात एकट्याच पेपर तपासत बसल्या होत्या. त्यांनीच जानेवारीत पोरांना पडद्यावर फुप्फुसांची फिल्म दाखवली होती, चित्रांची स्पर्धा घेतली होती. त्या स्पर्धेत गौरवचा पहिला नंबर. अर्धं फुप्फुस लाल, अर्धं काळं, खाली 'धूर सोडा, जीवन जोडा'. बक्षीस अनिलच्या हस्ते. ते चित्र मथुराच्या घरात देव्हाऱ्याशेजारी अजून टांगलेलं होतं.

मथुराने पिवळी वस्तू मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी ती ओळखली, हात मात्र लावला नाही.

"अहो, मला माहीत का नाही?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वर्गात सुद्धा वास येतो. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही असा कायदा आहे, म्हणून आपण रस्त्यावर पिवळी रेघ मारली. तुम्ही पाहिलीत ना ती?"

"बघितली. अनिलभावोजींच्या दुकानाच्या अलीकडंच थांबते. दुकान हद्दीभायेर."

"पुढच्या फाटकापासून मोजायला हवं होतं. समितीने मागच्या, मैदानाच्या फाटकापासून मोजलं. समितीचे अध्यक्ष तेच. मी बोलले होते. माझ्या बदलीचा विषय निघाला." मॅडमनी पेपरांची चळत उगाच सारखी केली. "मथुराताई, माझी मुलगी अजून बालवाडीत आहे हो."

मथुराला त्यांचा राग आला नाही, आणि आपल्याला राग आला नाही याचं तिला नवल वाटलं. सगळा राग एकाच माणसासाठी राखून ठेवलेला होता.

पोलीस ठाण्यात हवालदाराने तिला बसायला खुर्ची दिली, नीट ऐकून घेतलं. "रेघेचं सोडा तुम्ही," तो म्हणाला. "ही वस्तू देशात कुठेच विकता येत नाही. कायद्याने कधीचीच बंद आहे. रेघेच्या आत काय नि बाहेर काय. पण मी धाड घालणार आणि मिळणार मोबाइलचे चार्जर, तर माझंच हसं. गावातल्या एकाने तरी समोर येऊन सांगायला हवं, की यानं मला विकलं. आहे कोणी?"

तिने घरोघर विचारून बघितलं. पोरं अंगठ्याने जमीन उकरायची. आया म्हणायच्या, आमचा तसला नाय गो. आणि हे म्हणताना खुंटीवरच्या दप्तराकडे बघायच्या. शेजारची सोनूबाई, तोंडाने फटकळ आणि मनाने त्याहून फटकळ, ती सुद्धा बागेत बी चिरता चिरता म्हणाली, "गाव काय बोलत नाय, बाय. गाव फकस्त 'होय म्हाराजा' बोलतो."

ते ऐकून मथुरा हातातली बी तशीच धरून बसली. चीक मनगटापर्यंत ओघळला, तरी तिच्या लक्षात आलं नाही.

गावची रीत अशी, की होमानंतर वाघजाईची पालखी वाडी वाडी करत प्रत्येक घरी जाते. अंगणात पाटावर बसते, ओटी भरली जाते, आणि मानकरी त्या घराचं गाऱ्हाणं देवीपुढे घालतो. घरचं माणूस सांगेल ते. त्यातलं एक अक्षर गाळायचं नाही. वाक्य पुरं झालं की सगळ्या पुरुषांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. आई असली तरी गाऱ्हाण्यात ती म्हाराजाच. आणि गाऱ्हाणं पुरं झाल्याशिवाय पालखी अंगणातून हलत नाही. गेल्या साली सोनूबाईने स्वतःच्या सुनेचं गाऱ्हाणं घातलं होतं, सून चहात साखर कमी टाकते म्हणून. अनिलच्या चुलत्याने तेही शब्दाला शब्द म्हटलं, गावाने होय म्हाराजा केलं, आणि सून माजघरात रडली.

जेवताना मथुराने भागोजीला सगळं सांगितलं.

"कशाला वाकडा घेतस?" भागोजी म्हणाला. "मी जायन चार दिवसांनी. तुला हितं ऱ्हायाचा हाय त्यांच्यात."

"म्हणूनच."

"पोरगा बरा व्हतोय ना? बास झाला."

"तुमाला बास झाला. नाक माजा सोललाय."

भागोजी भात कालवत राहिला. बायको रागावली की तो नेहमीच भात फार वेळ कालवायचा.

पालखी त्यांच्या वाडीत यायच्या आदल्या दिवशी अनिलची बायको मृणाली काजूबागेत आली. गर घ्यायचे होते, पण घेऊन झाले तरी ती निघेना. मृणाली भली बाई होती. सहाणेवर मथुराच्या नाकाला पदर लावणारी तीच एकटी होती, आणि हे मथुरा विसरली नव्हती.

"वयनी, गौरवला काय झाल्ता? डाक्तर काय बोलला?" तिने विचारलं. "आमचा समर्थ पण खोकतो हो. जिना चढला की दम लागतो त्याला. मी यांना बोललं, तर हे बोलतात अभ्यासाचा टेन्शन हाय."

मथुराच्या हातातला कोयता थांबला. सांगायचं झालं तर एका वाक्यात सांगून झालं असतं. या बाईने घरी जाऊन पोराचं दप्तर झाडलं असतं, नवऱ्याची गचांडी धरली असती, दुकानातली खोकी आजच्या आज फुटली असती. मग उद्या अंगणात देवीपुढे गाऱ्हाणं घालताना अनिलला कशाची भीती वाटली असती? कशाचीच नाही. आधीच सावध झाला असता.

"उष्णता," मथुरा म्हणाली. "कोकमाचा सरबत दे."

मृणाली तिचे आभार मानून गेली.

पालखी दुसऱ्या दिवशी ऊन कलताना आली. अंगण सकाळीच शेणाने सारवलेलं होतं. मथुराने ओटी भरली. पालखी पाटावर टेकवली तरी भोयांनी खाली बसून दांड्याला खांदा द्यायचा, तो काढायचा नाही, अशी रीत. मागच्या दांड्याखाली समर्थ होता. बाकीचेही सगळे त्याच्याच वयाचे. गौरव ओसरीवर खांबाला टेकून बसला होता, कारण त्याला खांदा द्यायला यंदा बंदी होती.

अनिलने नारळ हातात घेतला. "भाऊ, सांग गाऱ्हाणा."

"मी सांगतंय," मथुरा म्हणाली.

अनिल हसला. "घरचा पुरुस हाय की वयनी."

सगळ्यांनी भागोजीकडे बघितलं. भागोजीने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "ती सांगते ताच माजा," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मथुराला वाटलं की लग्न अगदीच वाया गेलं नाही.

अनिलने सुरू केलं. "आये वाघजाये, आज तुजी पालखी भागोजीच्या अंगणात आली."

"होय म्हाराजा!"

"त्याच्या लेकाच्या खांद्यावरनं चूक झाली, ती पोटात घाल."

"होय म्हाराजा!"

"म्हणा," मथुरा बोलली, "ती चूक विटाळानं झाली नाय. छातीत धूर भरलावता म्हणून झाली."

अनिलने तिच्याकडे बघितलं. तिने नजर हटवली नाही. त्याने घसा साफ करून ते म्हटलं. होय म्हाराजा आलं, पण आधीपेक्षा जरा कमी आवाजात.

"ज्या कोणी तो धूर गावातल्या पोरांच्या हातात दिलान, चार्जरच्या खोक्यात लपवून दिलान, त्याला तू बघितलंस."

अनिलला हे गाळता येईना. शेजारी म्हातारे मानकरी उभे होते, एक अक्षर गाळलं असतं तर त्यांनीच टोकलं असतं. तो म्हणाला. या वेळी होय म्हाराजा म्हणणारे निम्मेच होते, उरलेले एकमेकांकडे बघत होते. सोनूबाईने मात्र बाईमाणूस असूनही खणखणीत होय म्हाराजा केलं.

"शाळेसमोरची पिवळी रेघ दुकानाच्या अलीकडं थांबवलान, ता पण बघितलंस."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. अनिलने तेही म्हटलं, शब्द चावत चावत. नारळ त्याने एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मथुरा ते डोळे भरून बघत होती. किती दिवसांची तहान होती ती! नाकावरची खपली सुद्धा या घटकेला तिला खाजत नव्हती.

"आता शेवटचा," ती म्हणाली. "जे माज्या पोराच्या छातीला झाला, तेच त्या इकणाऱ्याच्या पोराच्या छातीला होऊ दे."

ढोलवाल्याने टिपऱ्या खाली घेतल्या. मृणाली बायकांत उभी होती, तिने तोंडाला पदर लावला.

"म्हणा, भावोजी."

अनिलने मानकऱ्यांकडे बघितलं. थोरला मानकरी म्हणाला, "अनिल, पालखी खोळंबली. घरचं माणूस सांगतंय ता म्हणायला लागतं."

"असला कसला गाऱ्हाणा?" अनिलचा आवाज चिरकला. "देवीपुढं पोरांचा वायट चिंतायचा?"

"ज्यानं इकला नाय त्याच्या पोराला काय व्हनार?" मथुरा म्हणाली. "तुमी का घाबरताव?"

अनिल गप्प राहिला. त्या गप्प राहण्यातच गावाला सगळं ऐकू आलं. म्हातारे मानकरी सुद्धा आता जमिनीकडे बघू लागले. आणि तेवढ्यात मागच्या दांड्याखालून समर्थ बोलला.

"बाबा, म्हणून टाका."

"गप."

"होऊ दे काय? झालाय." समर्थला खोकला आला, लांबलचक, कोरडा. तो संपेपर्यंत सगळं अंगण थांबलं. मग त्याने खांद्यावर दांडा तसाच ठेवून डावा हात खिशात घातला आणि पिवळी वस्तू काढून देवीच्या पाटाखाली टाकली. "दुकानातलाच. गेल्या गणपतीपासनं." मग मान खाली घालून म्हणाला, "होय म्हाराजा."

पुढच्या दांड्याचा पोरगा म्हणाला, होय म्हाराजा. मग त्याच्या शेजारचा. एकेक करून सगळ्यांनी म्हटलं, आणि दोघांनी आपापले खिसे रिकामे केले. अनिल नारळ घेऊन तसाच उभा होता. शेवटी थोरल्या मानकऱ्याने तो त्याच्या हातातून काढून स्वतः फोडला. पालखी उठली.

दुसऱ्या दिवशी, गावच बोललं म्हटल्यावर धीर येऊन, नम्रता मॅडम त्या पोरांना घेऊन ठाण्यात गेल्या. एकाला चार निघाले सांगायला. हवालदाराने दुकानातली खोकी पंचनामा करून नेली, शटरला सील लागलं. शाळेची पोरं रंगाचा डबा घेऊन पुढच्या फाटकापासून नवी रेघ मारायला बसली. त्याच्या दुसऱ्या दिवशी बागेत जाताना मथुरा मुद्दाम त्या रस्त्याने गेली, बंद शटरसमोर थांबली, आणि तिला मनापासून बरं वाटलं. उगाच खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

मृणाली आली ती त्याच दुपारी. बागेत बाकीच्या बायका जेवायला गेल्या होत्या, मथुरा एकटीच पाटावर होती. मृणालीच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट होतं, सावर्ड्याहून थेट इकडेच आली असावी.

"वयनी, त्या दिवशी मी तुमाला विचारला," ती म्हणाली. "तवा तुमाला समर्थचा ठाऊक होता?"

मथुराला खोटं बोलता आलं असतं. पण परवाच देवीसमोर एवढं खरं बोलून झालं होतं. शिवाय ही ती बाई होती, जिने तिच्या नाकाला पदर लावला होता.

"होय," ती म्हणाली.

मृणालीने मान हलवली. रडली नाही, शिवी दिली नाही. खाली पडलेलं एक पिकलं बोंड तिने पायाने बाजूला केलं.

"पुढल्या साली पालखी आमच्या अंगणात येल," ती म्हणाली. "तवा गाऱ्हाणा मी सांगन."

मथुराने काळ्या पडलेल्या बोटांना राख चोळली.

"घाल," ती म्हणाली, आणि पुढची बी कोयत्यावर धरली.